कॉलेज बदलून मुंबईत एसवायबीएस्सीला आलात तर पहिल्या टर्मचा आठवडा कसा लावायचा

टाइमटेबल तर कॉलेजच देतं, बोर्डावर लागलं की फोटो काढायचा आणि जायचं, त्यात आपण काय प्लॅन करणार, असं मलाही वाटलं होतं. मी एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, चिपळूणला केलं, झूलॉजी मेजर (मुख्य विषय) घेऊन, आणि एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, मुंबईतल्या एका ऑटोनॉमस कॉलेजला आले, राहायला डोंबिवलीला मावशीकडे. पहिले दीड महिने जी ओढाताण झाली ना, ती अभ्यास अवघड होता म्हणून नाही, आठवडा चुकीचा लावला होता म्हणून झाली. आता टीवायला, तिसऱ्या वर्षाला, आहे आणि यंदा आमच्या डिपार्टमेंटला बाहेरून दोघी आल्यात, एक साताऱ्याची, एक दापोलीची, त्यांना कँटीनमध्ये बसून जे जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतेय. बॉटनी, झूलॉजी, लाइफ सायन्स, मायक्रो, काहीही असो, बायोलॉजीवाल्या सगळ्यांना बऱ्यापैकी लागू पडेल.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. आठवडा लेक्चरभोवती लावू नका, प्रॅक्टिकलभोवती लावा. बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स कोणीही देतं, पण बुडालेलं प्रॅक्टिकल परत मिळवायला चार जणांच्या मागे फिरावं लागतं आणि कॉलेजला नवीन असाल तर ते चार जण कोण हेच माहीत नसतं.

पण त्याच्याही आधी कागद, कारण कागद अडकले की पहिल्या तीन आठवड्यांतली निम्मी दुपार ऑफिसच्या खिडकीपाशी जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर इथून येत असाल तर हे सगळं मुंबई विद्यापीठातच येतं, मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जायचा दाखला, लागत नाही, जुन्या कॉलेजची एनओसी, टीसी, मार्कशीट यावर काम होतं. साताऱ्याची मुलगी शिवाजी विद्यापीठातून आली, तिला मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाची पात्रतेची मान्यता) दोन्ही करावं लागलं आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा जुन्या गावातून निघायच्या आधीच अर्ज टाकून या. दुसरं म्हणजे डिजिलॉकर उघडून एबीसीमध्ये आपले सेम १ आणि सेम २ चे क्रेडिट दिसतायत का ते बघा, एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, त्यातला आयडी १२ आकडी असतो. क्रेडिट जुन्या ठिकाणाहूनच चढवावे लागतात, नवीन कॉलेज ते करू शकत नाही. आणि आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल, वडिलांचं नाव मध्ये आहे किंवा नाही एवढ्याशा फरकावरून सुद्धा गाडी अडते, तर ते जूनमध्येच निस्तरा, ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म समोर असताना नको.

आता मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुसरा विषय. इथे थोडं थांबून वाचा, कारण कॉलेज बदलणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. नवीन एज्युकेशन पॉलिसीच्या (एनईपीच्या) चौकटीत सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात आणि एसवायला त्यातले ८ मेजरचे, ४ मायनरचे, उरलेले १० दोन-दोन क्रेडिटच्या बारक्या विषयांचे, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (कौशल्याचा कोर्स), भाषेचा पेपर, फील्ड प्रोजेक्ट, एनएसएस नाहीतर स्पोर्ट्स असलं काहीतरी. माझी मायनर केमिस्ट्री होती. इथे आले तर झूलॉजीच्या बहुतेक मुलांची मायनर बॉटनी, आणि अ‍ॅडमिशनच्या टेबलावरच्या मॅडम सहज म्हणाल्या की तूही बॉटनी घे, सगळा क्लास एकत्र राहील, टाइमटेबलला सोपं पडेल. मला ते ऐकायला बरं वाटलं, नवीन ठिकाणी एकटं पडायची भीती असतेच. पण आधी घेतलेल्या मायनरच्या क्रेडिटचं काय होणार हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. विषय बदलला की मागचे क्रेडिट कुठल्या खात्यात मोजणार, जादा पेपर द्यावा लागणार का, हे डिपार्टमेंटच्या हेडकडून किंवा एनईपी कोऑर्डिनेटरकडून लेखी घ्या, ईमेलवर एका ओळीचं उत्तर आलं तरी चालेल पण तोंडी नको. मी केमिस्ट्रीच ठेवली आणि त्यामुळे पुढे एक क्लॅश झाला, तो सांगतेच, पण तरीही परत निवडायची वेळ आली तर केमिस्ट्रीच ठेवेन कारण बायोकेमला ती रोज कामाला येते.

टाइमटेबल हातात आलं की क्रेडिट मोजू नका, तास मोजा. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास, हा फरक कोणी नीट सांगत नाही. समजा २२ पैकी १६ थिअरीचे आहेत आणि ६ प्रॅक्टिकलचे, तर १५ आठवड्यांच्या टर्ममध्ये आठवड्याला १६ तास लेक्चर आणि १२ तास लॅब, एकूण २८. त्यात प्रत्येक प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायला दीड-दोन तास, तीन प्रॅक्टिकलचे पाच-सहा तास धरा. आणि डोंबिवली, विरार, पनवेल अशा ठिकाणी राहत असाल तर येऊन-जाऊन रोजचे तीन तास, सहा दिवसांचे अठरा. झाले ना बावन्न? अजून पुस्तकाचं एक पान उलटलेलं नाही. कॉमर्सवाल्या मैत्रिणीला पण २२ क्रेडिट आणि आपल्यालाही २२ पण ती साडेअकराला घरी आणि आपण चारला लॅबमध्ये स्लाइड पुसत असतो, त्यामुळे तिच्यासारखा क्लास, जॉब, जिम सगळं लावायला जाऊ नका, निदान पहिल्या टर्मला तरी.

आता तुमच्या हातात खरंच काय असतं तर प्रॅक्टिकलची बॅच. लेक्चर सगळ्यांची एकच, पण बॅच ए, बी, सी असतात आणि उशिरा अ‍ॅडमिशन घेतलेल्यांना जिथे जागा उरलीय तिथे टाकतात, कोणी विचारत नाही. मला बी बॅच दिली आणि तिचं झूलॉजीचं प्रॅक्टिकल बुधवारी दुपारी, नेमकं तेव्हाच केमिस्ट्री मायनरची लॅब. मी नवीन म्हणून दोन आठवडे गप्प बसले, एका बुधवारी इकडे, एका बुधवारी तिकडे असं केलं, दोन्हीकडे अर्धी प्रेझेंटी. तिसऱ्या आठवड्यात कोऑर्डिनेटर सरांकडे गेले तर ते म्हणाले अगं पहिल्या आठवड्यात आली असतीस तर पाच मिनिटांचं काम होतं, आता ए बॅचमधून कोणीतरी बी मध्ये यायला तयार व्हायला हवं. झाली एक मुलगी तयार, पण मध्ये दोन प्रॅक्टिकल्स गेली ती गेली. तर पहिल्याच दिवशी एका पानावर सोमवार ते शनिवार आखून आधी फक्त मेजर आणि मायनरच्या लॅब भरा, दुसरं काही नाही. क्लॅश असेल तर लगेच दिसतो. मग लेक्चर भरा. मग उरलेल्या फटीत काय बसतं ते बघा.

बॅच निवडायची संधी असेल तर लोकलच्या हिशोबाने निवडा, हे ऐकायला कसंतरी वाटतं पण टर्मभर जाणवतं. डोंबिवलीहून दादरकडे सकाळी साडेसात ते दहा कसं असतं ते सांगायला नको, त्या गर्दीत खांद्याला बॅग, बॅगेत जर्नल, एप्रन आणि डिसेक्शन बॉक्स. सकाळी लवकरचं प्रॅक्टिकल असेल तर गर्दीच्या आधीची गाडी मिळते, तीनला सुटलात तर जाताना बसायलाही मिळतं, उलट संध्याकाळी पाच-साडेपाचला संपणारी बॅच म्हणजे घरी पोहोचेपर्यंत जर्नल लिहायची ताकद राहत नाही. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसमधून पहिल्याच आठवड्यात घ्या आणि महिन्याऐवजी तीन महिन्यांचा पास काढा, त्या खिडकीवर परत परत रांग लावायला नको.

(डिसेक्शन बॉक्सवरून आठवलं, घरचे विचारतात बेडूक कापता का, तर नाही. यूजीसीने प्राण्यांचं डिसेक्शन बंद केलंय, पण सुया, फोरसेप, ब्लेड, ब्रश हे सगळं लागतंच म्हणून बॉक्स लागतो.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे टाइमटेबलवर कुठेच छापलेलं नसतं. मधली गॅप. तुमच्या जुन्या कॉलेजने एफवायला जे शिकवलं आणि नवीन कॉलेजने जे शिकवलं ते एक नसतं. माझं तर विद्यापीठही तेच, पण नवीन कॉलेज ऑटोनॉमस, त्यांचा सिलॅबस त्यांचा. तिसऱ्या आठवड्यात कांद्याच्या मुळाचं स्क्वॉश करायचं होतं, म्हणजे मुळाचं टोक दाबून चपटं करून स्लाइड बनवायची आणि मायटोसिसच्या, पेशी विभागण्याच्या, स्टेज दाखवायच्या. मॅडमनी बोर्डावर दोन ओळी लिहिल्या कारण बाकीच्यांनी ते एफवायला केलेलं, मी फक्त पुस्तकात चित्र बघितलेलं. सगळ्यांनी मुळाचं टोक घेतलं, एचसीएलमध्ये टाकलं, अ‍ॅसिटोकारमाइन घातलं, कव्हर स्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकाने टकटक करत बसले. मी पण केलं. मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर एकावर एक चढलेल्या पेशींचा लाल गोळा, काहीच सुटं नाही. तीन स्लाइड केल्या, तिन्ही तशाच. शेजारच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली तू टोक फार लांब घेतेयस, शेवटचं दोन मिलिमीटरच घे, तेवढ्यातच पेशी विभागत असतात, आणि एचसीएलमध्ये पुरेसा वेळ ठेव म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात, मग ब्लॉटिंग पेपरमध्ये धरून अंगठ्याने सरळ खाली दाब, अंगठा सरकू देऊ नकोस. चौथ्या स्लाइडला एका कोपऱ्यात एक मेटाफेज दिसला, क्रोमोसोम अगदी मधोमध रांगेत उभे. एवढा आनंद झाला मला की लॅबचे मामा दिवे बंद करायला आले तरी मी उठेना.

पण त्या दिवशी कळलं की मला काय येत नाही याची यादीच माझ्याकडे नव्हती. ती यादी तुम्ही पहिल्या आठवड्यात करा. नवीन कॉलेजच्या वेबसाइटवरून त्यांचा एफवायचा सिलॅबस काढा, फक्त मेजर आणि मायनरचा, झेरॉक्स काढा आणि आपल्या जुन्या सिलॅबसशी ओळ ओळ लावून बघा. जे केलंय त्यावर हिरवी खूण, नाव माहीत आहे पण हाताने केलेलं नाही त्यावर पिवळी, अजिबात नाही त्यावर लाल. थिअरीचे लाल मुद्दे घरी भरून काढता येतात, पण प्रॅक्टिकलचे पिवळे आणि लाल वेगळ्या पानावर घ्या आणि ते पान घेऊन मॅडमकडे जा. मी उशिरा गेले तरी मॅडमनी शनिवारी एफवायच्या प्रॅक्टिकलला मागे बसायची परवानगी दिली, मायक्रोमीटर लावून पेशींचा आकार मोजणं, हिमोसायटोमीटरवर रक्तपेशींची संख्या मोजणं, पीएच मीटर कॅलिब्रेट करणं हे तिथे झालं. स्वतःहून यादी घेऊन आलेल्या मुलीला कोणी नाही म्हणत नाही, निदान माझा अनुभव तसा आहे. तर टाइमटेबलमध्ये शनिवारचे दोन तास गॅपसाठी आधीच राखून ठेवा, तिथे दुसरं काही बसवू नका, साधारण गणपतीपर्यंत ते पुरतात.

जर्नल त्याच दिवशी लिहा. हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही, पण बाहेरून आलेल्याला दुसरा इलाज नाही कारण तुमच्याकडे सीनियरचं जुनं जर्नल नसतं, ग्रुपही नसतो. माझी पद्धत अशी झाली की प्रॅक्टिकल संपलं की लगेच स्टेशनला पळायचं नाही, एक तास लायब्ररीत बसून आकृत्या काढून टाकायच्या, पेन्सिलने, स्लाइड डोळ्यासमोर असते तोवर, आणि लिखाण रात्री घरी. पुढच्या वेळी आल्या आल्या सही. सही राहिली की राहतेच, मग टर्मच्या शेवटी वीस पानं घेऊन स्टाफरूमबाहेर उभं राहावं लागतं आणि जर्नल सर्टिफाय नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसायची पंचाईत. म्हणून ज्या दिवशी लॅब आहे त्या दिवशी लॅबच्या पुढचा एक तास पण लॅबचाच, असं पानावर लिहूनच टाका.

ओपन इलेक्टिव्ह आणि बाकीचे दोन-दोन क्रेडिटवाले विषय निवडताना मी एकच बघेन, तो कधी आहे आणि त्याला किती लिहायचंय. पहिल्या टर्मला जो लेक्चरच्या मध्ये बसतो तो घ्या, ज्यासाठी दुपारी दोन तास नुसतं थांबावं लागतं तो नको, विषय कितीही छान असला तरी. छान विषय सेम ४ ला घेता येतो.

फील्ड प्रोजेक्ट मात्र विचार करून घ्या. मुंबईत बायोलॉजीच्या मुलांची खरंच चैन आहे, बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे, भायखळ्याची राणीची बाग आहे, माहीमचं निसर्ग उद्यान आहे, शिवडीचा चिखल आणि हिवाळ्यात तिथले फ्लेमिंगो, फोर्टात बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची संस्था. पण घरापासून किंवा कॉलेजपासून सरळ एका गाडीने जाता येईल अशीच जागा घ्या, कारण तिथे एकदा नाही पाच-सहा वेळा जायचंय. मी किनारा घेतला, समुद्रकाठच्या खडकातले शंख, खेकडे, सी अ‍ॅनिमोन. आणि किनारा घेतला की तुमचं टाइमटेबल कॉलेज नाही, ओहोटी ठरवते. आमच्याकडे कोकणात काका तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, त्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज मुंबईलाही चालतो, नक्की वेळ टाइड टेबलमध्ये बघायचीच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, पण ती खोल ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी सकाळी साडेसातच्या आसपास. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं हलतच नाही, त्या दिवशी जाऊन उपयोग नाही. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि सकाळी लॅब नसलेले दिवस आणि उधाणाचे दिवस कुठे जुळतात ते आधीच गोल करून ठेवलं, टर्मभरात पाचच जुळले आणि तेवढे मला पुरले. पावसाळ्यात खडकावर उतरायचं नाही, एकटीने तर अजिबात नाही, त्यामुळे जून-जुलैमध्ये वाचन आणि फॉरमॅट, खरं काम नवरात्रीच्या सुमारास. हा हिशोब तुमच्या गाइडना पहिल्याच मीटिंगला सांगा.

टर्म कागदावर १५ आठवड्यांची असली तरी मुंबईत तेवढी मिळत नाही. जुलैमध्ये एक-दोन दिवस तरी गाड्या बंद पडतात, सुट्टी जाहीर होते, मग दहीहंडी, गणपती, ऑगस्टमध्ये कॉलेजचे फेस्ट. अभ्यासाचा प्लॅन बारा आठवड्यांचाच करा. पावसाच्या दिवशी लॅब बुडाली तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करता येईल का हे लगेच विचारा, आणि बाकी बॅच कधी असतात ते स्वतःच्या पानावर बारीक अक्षरात लिहूनच ठेवा. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा रविवारी कोणाला भेटायचं, लायब्ररीला जायचं असं काही ठरवू नका, रविवार घरीच, अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस झोप, आणि झोपेचं मी मनापासून सांगतेय.

कोकणातल्यांसाठी वेगळं. गणपतीला घरी जायचंच असतं, ते सोडून टाइमटेबल करू नका, टिकणार नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपतीच्या बरोबर दोन महिने आधी सकाळी मोबाइल घेऊन बसायचं, तो दिवस पण पानावर लिहा. आणि जायच्या आधी तोपर्यंतच्या सगळ्या जर्नलवर सह्या. आरतीच्या वेळी मनात स्लाइड येत नाही मग.

प्रेझेंटीचा नियम ७५ टक्क्यांचा आहे आणि तुमची अ‍ॅडमिशन उशिरा झाली असेल तर आधीची लेक्चरं गैरहजर म्हणून पडलेली असू शकतात. अ‍ॅडमिशनच्या तारखेची पावती लावून क्लास टीचरना अर्ज द्या, एक प्रत सही-शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. एफवायचा एखादा विषय राहिला असेल, एटीकेटी असेल, तर त्याची परीक्षा कुठे आणि कधी हे जुन्या कॉलेजला महिन्यातून एकदा फोन करून विचारत राहा, ते आपणहून कळवत नाहीत.

आयआयटी जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास एसवायच्या पहिल्या टर्मलाच लावू का, हे दोघींनीही मला विचारलं. माझं मत नको. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि ती आपण देणार टीवायला, हातात वेळ आहे, आणि गॅप भरलेली नसताना क्लास लावला तर तिथेही मागे आणि कॉलेजलाही मागे. दहावीच्या मुलांना शिकवून थोडे पैसे मिळवायचे असतील तर लॅब नसलेल्या एका दिवशी, तेही घराजवळ.

महिना झाला की ते पान परत काढा. माझ्या पानावर मंगळवारी संध्याकाळी बायोकेम लिहिलं होतं आणि एकाही मंगळवारी झालं नाही, कारण मंगळवारी सकाळी लवकर लॅब असायची आणि संध्याकाळी डोळे मिटायचे, तर बायोकेम गुरुवारी नेलं आणि मंगळवारी फक्त आकृत्यांना लेबल द्यायचं ठेवलं, ते झोप येत असतानाही होतं. परीक्षा दिवाळीच्या आधी संपते, रिझल्ट लागला की एकदा डिजिलॉकर उघडून सेम ३ चे क्रेडिट जुन्या कॉलेजच्या सेम १ आणि २ च्या खाली येऊन बसलेत का ते बघून घ्या, नसतील तर सेम ४ चा फॉर्म भरायच्या आधीच ऑफिसला जा.